कांचेवरची हुंडी

नागपूरहून हैदराबादेकडे जाणारा हमरस्ता यवतमाळ जिल्ह्यांत पांढरकवड्याजवळ आला, कीं केळापूरचा पथकर-नाका लागतो. रस्ता जुनाच आहे. पूर्वी त्याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ म्हणत. २०१० सालीं साऱ्या देशांतील महामार्गांना नवे क्रमांक मिळाले तेव्हां तो ४४ क्रमांकाचा झाला, आणि आज श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा देशांतील सर्वांत लांब महामार्ग म्हणून तो ओळखला जातो. ह्या नाक्याच्या बाजूला आपण थोडा वेळ उभे राहिलों, तर एक गंमत दिसते. रुईच्या गाठींनीं शिगोशीग भरलेला मालट्रक येतो. त्याचा वेग मंदावतो. चालकाचा हात खिशाकडे जात नाहीं, खिडकींतला माणूस हात पुढें करीत नाहीं. दोघे एकमेकांकडे पाहतसुद्धां नाहींत. दोनचार क्षणांत आडवा दांडा वर उचलला जातो, ट्रक निघून जातो, आणि तिकडे यवतमाळांत आपल्या पेढीवर बसलेल्या मालकाच्या खिशांतला फोन वाजतो : अमुक नाक्यावर अमुक रक्कम आपल्या खात्यांतून वळती झाली.

पैसे दिले कोणीं? घेतले कोणीं? आणि तो ट्रक कोणाचा हें त्या दांड्याला कळलें कसें? ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें आज आपल्यापुढें मांडावयाचीं आहेत. आणि तीं निव्वळ कुतूहलापोटीं नव्हेत. ज्याला हीं उत्तरें ठाऊक नसतात त्याला नाक्यावर जादा पैसे मोजावे लागतात, आणि ते आपण कां मोजतों आहों हेंही पुष्कळदां त्याला उमगत नाहीं.

वाटेवर कर घेण्याची चाल आपल्याकडे नवी नाहीं. जुन्नरजवळच्या नाणेघाटांत, जेथें कोंकणांतून देशावर चढणारी सातवाहनकालीन वाट माथ्यावर येते, तेथें एक मोठा दगडी रांजण आजही पाहावयास मिळतो. घाट चढून येणारे व्यापारी आपल्या जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत, अशी पिढ्यान् पिढ्या चालत आलेली समजूत आहे. त्या समजुतींतली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. रांजणांत नाणें पडलें, कीं त्याचा आवाज होई. तो देणाऱ्यासही ऐकूं येई आणि घेणाऱ्यासही. आजच्या पद्धतींत नेमका तोच आवाज नाहींसा झाला आहे.

ह्या पद्धतीला आपल्याकडे फास्टॅग म्हणतात. नंदन नीलेकणी यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें २०१० सालीं अशी शिफारस केली, कीं देशभर पथकराची एकच बिनतारी पद्धति असावी, आणि वाहनावर लावावयाची खूण विजेरीवांचून चालणारी, म्हणून स्वस्त व टिकाऊ असावी. २०१४ पासून ती महामार्गांवर येऊं लागली. १ डिसेंबर २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या चारचाकी वाहनावर ती लावलेली असलीच पाहिजे, असा नियम झाला. आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवरील नाक्यांच्या साऱ्या मार्गिका तिच्याच झाल्या. आमच्या राज्याच्या रस्ते विकास महामंडळाच्या नाक्यांवर ती १ एप्रिल २०२५ पासून सक्तीची झाली.

ह्या खुणेंत, म्हणजे त्या टॅगमध्यें, आहे तरी काय? मोटारीच्या पुढच्या कांचेला आंतून, आरशाच्या मागें चिकटविलेला तो कागदाचा तुकडा. त्याच्या पोटांत धातूची एक पातळ पट्टी असते, आणि तिच्या मध्यभागीं खसखशीच्या दाण्याएवढा एक काळा कण. पट्टी म्हणजे एरियल. आणि त्या कणांत कोरलेला असतो एक क्रमांक. दुसरें कांहीं नाहीं. विजेरी नाहीं, तार नाहीं, आणि पैसे तर मुळींच नाहींत. ही शेवटची गोष्ट आधींच सांगून ठेवतों, कारण नाक्यावरच्या निम्म्या भांडणांचें मूळ 'टॅगमध्यें पैसे भरले' ह्या आपल्या बोलण्यांत आहे. टॅगमध्यें कोणी पैसे भरीत नाहीं. पैसे असतात ते बॅंकेच्या खात्यांत. टॅगला ठाऊक असतें तें एवढेंच, कीं आपण कोण.

पण विजेरी नाहीं, तर तो आपला क्रमांक सांगतो कशाच्या बळावर? श्रोतेहो, हें भाषण आपल्या घरांत ज्या लहरींच्या पाठीवर बसून येत आहे, त्यांच्याच जातीच्या लहरी नाक्यावरच्या यंत्रांतूनही सुटत असतात. फरक आहे तो लांबीचा. यवतमाळच्या आपल्या केंद्राची लहर सुमारें ३ मीटर लांब आहे. नाक्यावरची लहर सुमारें ३५ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ दीड वीत. तिची कंपनसंख्या सेकंदास ८६ कोटींहून थोडी अधिक. आपल्यापैकीं जे वडीलधारे असतील त्यांना जुना स्फटिकाचा रेडिओ ऐकून किंवा पाहून माहीत असेल. त्याला ना विजेरी लागे, ना घरांतला विजेचा दिवा; उंच बांधलेली तार, एक स्फटिक आणि कानाला लावण्याचें यंत्र एवढ्यावर गाणें ऐकूं येई. ऐकण्यापुरती शक्ति त्या लहरींतूनच मिळे. टॅग हा त्या रेडिओचा धाकटा भाऊ आहे. मार्गिकेवरच्या कमानींतून लहरींचा झोत खालीं पडतो. धातूची पट्टी त्यांतला अत्यल्प अंश वेंचते. आणि तेवढ्यावर तो कण जागा होतो.

जागा झाला खरा. पण स्वतःची लहर सोडण्याइतकी ताकद त्याच्यांत कोठली? येथें जी युक्ति योजली आहे ती आपणांपैकीं प्रत्येकानें लहानपणीं केलेली आहे. दुपारच्या उन्हांत आरशाचा तुकडा घेऊन समोरच्या भिंतीवर कवडसा पाडावयाचा, आणि आरसा हलवून तो नाचवावयाचा. पोराजवळ स्वतःचा उजेड नसतो. उजेड सूर्याचा, पोराचें काम फक्त आरसा फिरविण्याचें. टॅग हेंच करतो. यंत्राकडून आलेली लहर तो कधीं अधिक, कधीं कमी परत फेंकतो, आणि ह्या उघडझांकेच्या खुणेनें आपला क्रमांक सांगतो. कमानींतील यंत्र तो कवडसा वाचतें. हें सारें सेकंदाच्या लहानशा अंशांत उरकतें. वाहनाला थांबावें लागतें तें दांड्यासाठीं, टॅगसाठीं नव्हे.

परावर्तित लहरींनीं संदेश पाठवितां येईल, ह्या विषयावर हॅरी स्टॉकमन ह्या अमेरिकेंतील अभियंत्याचा निबंध १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. परंतु त्याच्याही आधीं ह्या तत्त्वाचा एक भलताच उपयोग होऊन गेला होता. १९४५ सालीं मॉस्कोंतील अमेरिकन वकिलास रशियन शाळकरी मुलांनीं अमेरिकेचें राजचिन्ह कोरलेली एक सुंदर लांकडी पाटी भेट दिली. वकिलानें ती मोठ्या कौतुकानें आपल्या निवासस्थानीं भिंतीवर टांगली, आणि ती तेथें सात वर्षें सुखेनैव लटकत होती. १९५२ सालीं शोध लागला, कीं पाटीच्या पोटांत लेव्ह थेरेमिन ह्या रशियन शास्त्रज्ञानें बनविलेलें एक लहानसें यंत्र आहे. त्यांत विजेरी नव्हती, तार नव्हती, म्हणून झडतींतही तें सांपडत नसे. बाहेरून कोणी लहरींचा झोत टाकला, कीं खोलींतल्या आवाजाबरहुकूम तो परत फेंकावयाचा, एवढेंच त्याचें काम. हेरांच्या हातची ही विद्या आज आमच्या कापसाच्या ट्रकाचा पथकर चुकता करते. विद्येच्या वाटा अशा वांकड्यातिकड्या असतात.

ह्या लहरी कांचेंतून सहज पार होतात. धातूंतून होत नाहींत. म्हणून कांचेवर धातूचा मुलामा दिलेली उन्हाची फिल्म असेल, तर टॅग आंधळा होतो. टॅग उपटून दुसऱ्या कांचेवर लावावयास गेल्यास पट्टी तुटते आणि तो मरतो. तो तसा मरावा अशीच त्याची घडण असते, नाहींतर एकाचा टॅग दुसऱ्याच्या वाहनावर जावयास वेळ लागणार नाहीं. कित्येक जण टॅग न चिकटवितां जवळ ठेवतात आणि नाका आला कीं हातानें वर धरतात. हा प्रकार मागच्या वाहनांना अडविणारा व फसवणुकीस वाव देणारा आहे, म्हणून असे सुटे टॅग काळ्या यादींत घालण्याचा निर्णय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानें जुलै २०२५ मध्यें जाहीर केला.

आतां पुन्हां मार्गिकेंत येऊं. टॅगनें क्रमांक सांगितला, त्या क्रमांकावरून वाहनाचा वर्गही कळला. पण टॅगवर विसंबून चालत नाहीं. मोटारीचा जांभळा टॅग लावून कोणी मालट्रक आणला तर? म्हणून वाहन पुढें सरकत असतांना दुसरीं यंत्रें त्याची स्वतंत्र मोजणी करतात : उंची किती, लांबी किती, आंस किती. कॅमेरा क्रमांकाच्या पाटीचें छायाचित्र टिपतो. टॅग सांगतो तो वर्ग आणि डोळ्यांना दिसतो तो वर्ग जुळला नाहीं, तर तो तंटा छायाचित्रासह पुढें जातो. आंसांना एवढें महत्त्व कां, असें कोणी विचारील. रस्ता झिजतो तो बहुतांशीं जड आंसांच्या दाबानें; मोटार आणि भरलेला ट्रक ह्यांनीं केलेल्या झिजेंत जमीनअस्मानाचें अंतर असतें.

आणि आतां मुख्य गोष्ट. दांडा वर उचलला जातो त्या क्षणीं पैसे कोठें असतात? बहुतेकांची समजूत अशी, कीं आधीं पैसे वळते होतात आणि मग दांडा उठतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. दांडा उठतो त्या वेळीं पैसे अजून आपल्याच खात्यांत असतात. नाक्यावरचा संगणक फक्त एवढें पाहतो, कीं हा क्रमांक खरा आहे काय, आणि तो काळ्या यादींत तर नाहीं ना. दोन्ही उत्तरें ठीक आलीं, कीं वाट मोकळी. त्यानंतर त्या व्यवहाराची नोंद नाक्याच्या बॅंकेकडे जाते. तेथून ती भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाच्या मध्यवर्ती यंत्रणेकडे जाते. ती यंत्रणा क्रमांक पाहून हा टॅग कोणत्या बॅंकेचा हें ठरविते आणि मागणी त्या बॅंकेकडे धाडते. ती बॅंक आपल्या खात्यांतून रक्कम वळती करते, आणि मग फोन वाजतो. बहुधा हें सारें काहीं क्षणांत होतें. कधीं तासही लागतात. शेवटीं बॅंका आपसांत हिशेब मिटवितात.

आमच्या आजोबा-पणजोबांना हा व्यवहार समजावयास एक क्षणही लागला नसता. त्यांच्या वेळीं कापसाचा व्यापारी रोकड बांधून परगांवीं जात नसे. आपल्या सराफाची हुंडी घेऊन जाई. परगांवचा सराफ हुंडीवरची सही ओळखे, ज्याच्यावर ती लिहिली त्याची पत ओळखे, आणि माल सोडवून देई. पैशाची फेड दोन पेढ्यांमध्यें मागाहून होई. कांचेवर चिकटविलेला टॅग ही अशीच एक दर्शनी हुंडी आहे. नाक्यावर ती दाखविली जाते, तिची पत तपासली जाते. पैशाची हालचाल पेढ्यांची पेढ्यांत. आणि पत गेलेल्या माणसाची हुंडी जशी बाजारांत कोणी घेत नसे, तसाच काळ्या यादींतला टॅग कोणी घेत नाहीं.

ह्या काळ्या यादीविषयीं चार शब्द अधिक सांगितले पाहिजेत, कारण सामान्य कुटुंबाला ठेंच लागते ती येथें. खात्यांत पुरेशी रक्कम नसली, ओळखीचे कागद अपुरे राहिले, किंवा वाहनाच्या नोंदणींत कांहीं विसंगति आढळली, कीं बॅंक टॅगला काळ्या यादींत टाकते. ही यादी मध्यवर्ती यंत्रणेंतून देशांतील सर्व नाक्यांना पोंचावी लागते. पूर्वी ती ठराविक वेळानें पोंचे. त्यामुळें नाक्याच्या रांगेंत उभें राहून फोनवरून पैसे भरले, तरी नाक्याला तें कळलेलेंच नसे, आणि पैसे भरलेला माणूस व दुप्पट मागणारा कारकून दोघेही आपापल्या परीनें खरें बोलत असत. १७ फेब्रुवारी २०२५ पासून महामंडळानें असा नियम केला, कीं वाचला जाण्यापूर्वी तासाभराहून अधिक काळ टॅग काळ्या यादींत असेल, आणि वाचल्यानंतर १० मिनिटांपर्यंतही त्यांतून सुटला नसेल, तर तो व्यवहार नाकारावा. ह्या नियमानें पुष्कळ घबराट उडाली. तेव्हां महामार्ग प्राधिकरणानें खुलासा केला, कीं राष्ट्रीय महामार्गांवरील नाक्यांना टॅगची स्थिति तत्काळ कळते, आणि नाका ओलांडण्यापूर्वी केव्हांही पैसे भरले तरी चालतात. कांहीं राज्यमार्गांवरचे नाके मात्र त्या वेळीं अजून जुन्या पद्धतीचे होते. शहाण्यानें घरून निघण्यापूर्वीच खातें पाहावें हें बरें.

एक स्वतःचा अनुभव सांगतों. मागें एकदां माझी मोटार घरच्या अंगणांत कडुलिंबाखालीं उभी असतां, विदर्भांतल्याच एका दूरच्या नाक्यावरून ती गेल्याचा संदेश मला आला. प्रथम वाटलें, कोणीं तरी माझ्या टॅगची नक्कल केली. चौकशीअंतीं निघालें तें फार साधें होतें. कोणा दुसऱ्याच वाहनाचा टॅग यंत्राला वाचतां आला नाहीं; तेव्हां खिडकींतल्या माणसानें त्याच्या पाटीवरचा क्रमांक हातानें टिपून घातला, आणि टिपतांना एक आंकडा चुकला. तो चुकलेला क्रमांक नेमका माझा होता. मीं टॅग देणाऱ्या बॅंकेकडे तक्रार नोंदविली. छायाचित्र मागविलें गेलें. त्यांत माझी मोटार नव्हती, एक मालवाहू टेंपो होता. पैसे परत आले. परंतु मीं तो संदेश न वाचतां पुसून टाकला असता तर? रक्कम लहान असते, संदेश पुष्कळ येतात, आणि माणूस कंटाळतो. नाणेघाटांत असें झालें नसतें. आपण घरीं असतां आपलें नाणें रांजणांत पडूं शकत नाहीं. अशा खोट्या वजावटींबद्दल प्राधिकरणानें वसुली करणाऱ्यांना दर प्रकरणीं १ लाख रुपये दंड ठेवला, तो उगीच नव्हे.

तेव्हां गाऱ्हाणें कोठें न्यावें, हें ठाऊक असावें. चुकीची वजावट झाल्यास ज्या बॅंकेनें टॅग दिला तिच्याकडे तक्रार करावी. नाक्यावरच्या माणसाशीं भांडून उपयोग नाहीं, कारण पैसे त्याच्या हातीं कधीं आलेलेच नसतात. महामार्गावर अन्य कसलीही अडचण असो, १०३३ ह्या क्रमांकावर दिवसरात्र दाद मागतां येते. आणि एक नियम तर प्रत्येकानें पाठच करून ठेवावा. मे २०१८ मध्यें केंद्र सरकारनें असें अधिसूचित केलें, कीं टॅग चालू आहे, खात्यांत पुरेसे पैसे आहेत, आणि केवळ नाक्याचें यंत्र नादुरुस्त असल्यामुळें तो वाचला जात नाहीं, तर त्या वाहनास कांहींही न घेतां सोडलें पाहिजे, आणि शून्य रकमेची पावती दिली पाहिजे. यंत्र बिघडलें तर भुर्दंड यंत्राच्या धन्यास, वाटसरूस नव्हे. हा नियम न्याय्य आहे; मात्र तो मागितल्यावांचून मिळत नाहीं.

टॅगच नसेल किंवा तो निकामी असेल, तर २०२१ पासून पथकराच्या दुप्पट रक्कम भरावी लागे. १५ नोव्हेंबर २०२५ पासून ह्यांत थोडी सवलत झाली : फोनवरून यूपीआयनें पैसे देणाऱ्यास सव्वापट, रोख देणाऱ्यास दुप्पट. म्हणजे १०० रुपयांच्या पथकराला एकास १२५ पडूं लागले आणि दुसऱ्यास २००. हा भेद रोकड नाहींशी करण्यासाठीं आहे हें उघड आहे. पण ज्याच्या हातीं फक्त रोकडच असते असा वाटसरू बहुधा गरीब किंवा म्हातारा असतो, आणि दुप्पट त्यालाच पडूं लागली. हें मला अजून पटलेलें नाहीं.

मुळांत पथकर ठरतो कसा, हें थोडक्यांत सांगतों. त्याचे नियम २००८ चे आहेत. चौपदरी रस्त्यासाठीं मोटारीस किलोमीटरमागें ६५ पैसे आणि दोन आंसांच्या ट्रकास २ रुपये २० पैसे हे त्यांतले मूळ दर. ६० किलोमीटरांच्या टप्प्यास मोटारीचे ३९ रुपये झाले, ट्रकाचे १३२. हे दर २००७-०८ चे. दरवर्षीं १ एप्रिलला त्यांत शेंकडा ३ ची ठराविक वाढ होते, आणि शिवाय घाऊक किंमतींच्या निर्देशांकांत जी वाढ झाली असेल तिच्या शेंकडा ४० इतकी. चोवीस तासांत परत येणाऱ्यास दोन वेळांचा मिळून दीडपट पथकर पडतो. टॅग असल्यास ही सूट आपोआप मिळते. दुचाकी, ट्रॅक्टर आणि बैलगाडी ह्यांस सामान्यतः पथकर नाहीं. रुग्णवाहिका, अग्निशामक वाहनें आणि शववाहिनी ह्यांनाही माफी आहे.

केळापूरसारख्या नाक्यावर आपण त्या टप्प्यांत किती चाललों हें कोणी पाहत नाहीं. नाका ओलांडला, कीं साऱ्या टप्प्याचा कर. नाक्याला लागून असलेल्या गांवच्या माणसानें तीन किलोमीटरांवरच्या शेताला जावयाचें, आणि कर साठ किलोमीटरांचा द्यावयाचा, हें अन्यायाचें होईल. म्हणून नाक्यापासून २० किलोमीटरांच्या आंत राहणाऱ्यांच्या खाजगी वाहनांस महिन्याचा स्वस्त पास मिळतो. मूळ नियमांत त्याची किंमत १५० रुपये होती. ती दरवर्षीं वाढत आली आहे. पुष्कळांना हा पास ठाऊकच नसतो. ह्याच्या उलट रीत समृद्धि महामार्गाची. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेकडून, वर्धा-अमरावतींतून जाणाऱ्या त्या ७०१ किलोमीटरांच्या रस्त्यावर चढतांना टॅग वाचला जातो, उतरतांना पुन्हां वाचला जातो, आणि मधल्या अंतराचेच पैसे वळते होतात. न्यायाच्या दृष्टीनें ही पद्धति मला अधिक चांगली वाटते. पण तिच्यासाठीं रस्ता दोन्ही अंगांनीं बंदिस्त असावा लागतो. ज्याच्या कांठीं शंभर गांवांच्या वाटा येऊन मिळतात अशा जुन्या हमरस्त्यावर ती कशी आणणार? १५ ऑगस्ट २०२५ पासून खाजगी मोटारींसाठीं वार्षिक पास निघाला, त्या वेळीं ३००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष अशी त्याची मर्यादा होती. तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, राज्याच्या समृद्धि महामार्गावर नाहीं. हें ध्यानांत न घेतां निघालेले लोक मागाहून बॅंकेला दोष देतात.

कौटिल्यानें आपल्या अर्थशास्त्रांत वाटेच्या कराला वर्तनी असें नांव दिलें आहे. सीमेवरच्या अंतपालानें मालाच्या प्रत्येक गाडीमागें सव्वा पण घ्यावा, असें तो सांगतो. आणि लागलीच पुढें असें बजावतो, कीं वाटेंत व्यापाऱ्याचें जें चोरीस जाईल किंवा हरवेल तें त्याच अंतपालानें भरून द्यावें. घेणें आणि देणें त्यानें एकाच श्वासांत सांगितलें आहे. आमच्या काळीं हें दुसरें अंग न्यायालयांना आठवून द्यावें लागतें. केरळांत त्रिचूर जिल्ह्यांतील पालियेक्करा येथील नाक्यावर, रस्त्याची दुर्दशा आणि तासन् तास होणारा खोळंबा पाहून, तेथील उच्च न्यायालयानें ६ ऑगस्ट २०२५ रोजीं पथकराची वसुली तात्पुरती थांबविली. आणि त्याच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम ठेवला. टॅग न वाचला गेल्यास वाटसरूनें लगेच दंड भरावा, पण खड्डा न बुजविल्यास कोणीं काय भरावें, हा प्रश्न त्या खटल्यामुळें निदान उघडपणें विचारला तरी गेला.

पुढें काय येणार आहे? दांडाच नाहींसा व्हावयाचा आहे. रस्त्यावर नुसती एक कमान उभी करावयाची. वाहनांनीं आपल्या वेगानें तिच्याखालून निघून जावें. कमानींतील यंत्रानें टॅग वाचावा आणि कॅमेऱ्यानें पाटी. गुजरातेंतील चोर्यासी येथील नाक्यासाठीं असा पहिला करार ऑगस्ट २०२५ मध्यें झाला, आणि आपल्या ह्याच ४४ क्रमांकाच्या रस्त्यावर, दूर उत्तरेस हरियाणांत, घरौंडा येथील नाक्यासाठींही झाला. उपग्रहांच्या साह्यानें अंतर मोजून कर घेण्याचे नियम सप्टेंबर २०२४ मध्यें करण्यांत आले, परंतु एप्रिल २०२५ मध्यें सरकारनें स्पष्ट केलें, कीं ती पद्धति देशभर लागू करण्याचा निर्णय झालेला नाहीं.

दांडा गेल्यावर ज्याचा टॅग वाचला गेला नाहीं त्याला थांबवावयास तेथें कोणीच नसेल. पाटीच्या छायाचित्रावरून धनी शोधावयाचा आणि मागणी त्याच्या घरीं धाडावयाची, हाच मार्ग उरतो. आज केळापूरला टॅग चालला नाहीं तर दांडा खालीं राहतो, मागचा ट्रक भोंगा वाजवितो, आणि कांहीं तरी चुकलें आहे हें चालकाला तेथल्या तेथें कळतें.